सोहळा तीन दिवसांवर असताना: फ्रँको हॅरिस आणि पिट्सबर्गचा दुखवटा

पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने सप्टेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं होतं की आपला जुना खेळाडू फ्रँको हॅरिस याची ३२ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त करायची, म्हणजे तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. दिवस ठरला २४ डिसेंबर. समोर रेडर्स, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध हॅरिसने तो प्रसिद्ध झेल घेतला तोच संघ, आणि मध्यंतरात मैदानाच्या मधोमध खुद्द हॅरिस. झेलाची पन्नाशी आदल्याच दिवशी, २३ तारखेला भरत होती. सगळा घाट असा बेतलेला होता की म्हातारे झालेले चाहते नातवंडांना घेऊन येतील, तो हात हलवेल आणि सगळे एकदा पोटभर रडून घेतील.

२० तारखेची रात्र संपून २१ ची सकाळ उजाडायच्या आत हॅरिस झोपेतून कायमचा निघून गेला. वय ७२. त्याच आठवड्यात तो पन्नाशीनिमित्त मुलाखती देत होता. तो आजारी असल्याची कुणाला कुणकुण नव्हती.

मोठ्या खेळाडूच्या मृत्यूनंतर चाहते काय करतात, याचं एक प्रकरण म्हणून मी हे चार दिवस निवडले, त्याला कारण आहे. एरवी लोकप्रिय माणूस गेला की दुखवट्याला जागा शोधावी लागते, वेळ ठरवावी लागते, काय बोलायचं ते सुचावं लागतं. इथे ते सगळं आधीच तयार होतं. फुटपाथवर जागा कोरलेली होती. दरवर्षी जमायची तारीख आणि घड्याळातली वेळसुद्धा ठरलेली होती. झेंडे होते, टॉवेल होते, पाठ झालेल्या गोष्टी होत्या. पिट्सबर्गने आपल्या आनंदाचं सामान उचललं आणि त्यानेच शोक केला. ते इतकं सहज झालं की त्यातून काय निसटलं, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

तो झेल, जो शहराने पाहिलाच नाही

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी एवढंच पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत घट्ट धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत घुसणारा. मार खाणं हा त्याच्या कामाचा भागच, म्हणून या जागेवरच्या खेळाडूची कारकीर्द बहुधा लवकर आटोपते. हॅरिस तेरा हंगाम खेळला. त्याने १२,१२० यार्ड धावून काढले, चार सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकले, आणि त्यातल्या पहिल्या, जानेवारी १९७५ च्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध १५८ यार्ड काढून तो सामन्याचा मानकरी ठरला. तो मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. चार सुपर बोलमधले त्याचे मिळून ३५४ यार्ड हा आजवरचा विक्रम आहे.

पण लोकांनी त्याला आठवलं ते या आकड्यांसाठी नाही. त्यांना आठवला २३ डिसेंबर १९७२.

स्टीलर्स संघ आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये काढला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या संघाने प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना जिंकला नव्हता. १९४७ मध्ये एकदाच संधी आली, ती फिलाडेल्फियाने २१-० अशी धुऊन काढली. १९७२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातून हॅरिस आला, पहिल्याच हंगामात हजारावर यार्ड धावला आणि संघ प्लेऑफला पोचला. ओकलंड रेडर्सविरुद्ध थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये स्टीलर्स ६-० ने पुढे होते. सामना संपायला सव्वा मिनिट उरलं असताना रेडर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, केन स्टेबलर तीस यार्ड धावत गेला आणि ७-६ झालं. मग बावीस सेकंद उरले. स्टीलर्सचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि दहाही यार्ड बाकी. मालक आर्ट रूनी हरलेल्या पोरांचं सांत्वन करायला लिफ्टने खाली निघाले. ज्या क्षणाची माणसाने चाळीस वर्षं वाट पाहिली, तो क्षण आला तेव्हा तो माणूस लिफ्टमध्ये होता.

क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉने अंगावर येणाऱ्यांना चुकवत चेंडू सहकारी फ्रेंची फुकुआच्या दिशेने फेकला. त्याच क्षणी रेडर्सचा जॅक टेटम फुकुआवर येऊन आदळला आणि चेंडू उलटा, काही यार्ड मागे उडाला. हॅरिसचं काम खरं तर ब्रॅडशॉला संरक्षण द्यायचं होतं. पण चेंडू पुढे गेल्यावर तो नुसता उभा राहिला नव्हता, त्या दिशेने धावत सुटला होता. जमिनीला टेकणार एवढ्यात त्याने बुटांच्या उंचीवर चेंडू उचलला आणि डाव्या कडेने धावत जाऊन टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. १३-७.

त्या काळच्या नियमाप्रमाणे एकाच संघाच्या दोन खेळाडूंचा चेंडूला लागोपाठ स्पर्श झाला तर झेल बाद. म्हणजे चेंडू टेटमला लागला असेल तर झेल वैध, फक्त फुकुआला लागला असेल तर अवैध. रेफ्री फ्रेड स्वेअरिंगन यांनी लगेच खूण केलीच नाही. त्यांनी आधी प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या पंच-प्रमुखांना फोन लावला आणि मग हात वर केले. तोवर प्रेक्षक मैदानात उतरले होते. रेडर्सचा प्रशिक्षक जॉन मॅडन यांनी तो निर्णय मरेपर्यंत मान्य केला नाही. फुकुआ पन्नास वर्षं ‘मला माहीत आहे, पण सांगणार नाही’ एवढंच म्हणत आला. २००४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ जॉन फेटकोविच यांनी चित्रफितीवरून चेंडूचा वेग आणि उसळी तपासली आणि तो टेटमलाच लागला असला पाहिजे असं सांगितलं. या शहरात अशा गोष्टीवर भौतिकशास्त्राचा प्राध्यापक कामाला लागतो, हे मला फार आवडतं. तो नियम मात्र १९७८ मध्येच निघून गेला होता.

आणि आता या गोष्टीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब. पिट्सबर्गच्या बहुतेक लोकांनी हा झेल पाहिलाच नव्हता. त्या वेळी यजमान शहराच्या आसपास ७५ मैलांत सामना टीव्हीवर दाखवायला बंदी असे, सगळी तिकिटं खपली असली तरी. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ती मोडली. म्हणजे त्या शनिवारी शहरात हा झेल थेट पाहिला तो स्टेडियममधल्या पन्नासेक हजार लोकांनी, आणि त्यातलेही कित्येक वाकून कोट उचलत होते किंवा दाराकडे निघाले होते. बाकीच्यांनी रेडिओवर ऐकला. आपल्याकडे कपिलच्या १९८३ च्या टनब्रिज वेल्समधल्या नाबाद १७५ चं जे झालं, तेच थोड्या वेगळ्या प्रकारे इथे झालं: चित्रण हाताशी नसलं की खेळी सांगणाऱ्याच्या मालकीची होते. इथे चित्रण होतं, पण तेही असं की चेंडू कुणाला लागला ते नीट दिसत नाही आणि हॅरिस चौकटीत अचानक कुठून तरी उगवतो. म्हणून पिट्सबर्गमध्ये झेलाविषयी बोलताना कुणी ‘काय झालं’ हे सांगत नाही. ‘मी कुठे होतो’ हे सांगतात. स्वयंपाकघरातल्या रेडिओपाशी, पोलादाच्या गिरणीतल्या पाळीवर, गाडीत, बारमध्ये. आणि ‘मी स्टेडियममध्येच होतो’ म्हणणारे इतके आहेत की थ्री रिव्हर्सची क्षमता काही पटींनी वाढवावी लागेल, हा तिथला जुना विनोद.

झेलाला नाव मिळालं तेही एका चाहतीकडून. त्या रात्री समालोचक मायरन कोप यांना एका बाईंनी फोन करून सुचवलं, ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’. मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेच्या ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ या कॅथलिक श्रद्धेवरची ती कोटी; रिसेप्शन म्हणजे झेल. कॅथलिक वस्तीच्या शहरात ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कोप यांनी ते रात्रीच्या बातम्यांत वापरलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांचं झालं.

पुढच्याच आठवड्यात स्टीलर्स मायामीकडून हरले, हे सहसा कुणी सांगत नाही.

फ्रँकोची इटालियन सेना

हॅरिसचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. दुसऱ्या महायुद्धात इटलीत असताना त्यांनी तिथल्याच मुलीशी, जीना पारेंती हिच्याशी लग्न केलं आणि तिला घेऊन ते अमेरिकेला परतले. फ्रँको न्यू जर्सीत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर १९५० मध्ये जन्मला आणि जवळच्या माउंट हॉली गावात वाढला.

पिट्सबर्गच्या ईस्ट लिबर्टी भागात अल व्हेंटो पिझ्झाचं दुकान चालवायचा आणि टोनी स्टॅग्नो बेकरीवाला. ‘पोराची आई इटालियन आहे’ एवढं त्यांना पुरलं. १९७२ च्याच हंगामात त्यांनी ‘फ्रँकोज इटालियन आर्मी’ उभी केली. डोक्यावर लष्करी हेल्मेट, हातात इटलीचा झेंडा, खायला पाव आणि चीज, आणि आतून पोकळ केलेल्या पावात लपवून नेलेली वाइन, असं सांगतात. झेलाच्या थोडे दिवस आधी संघ सरावासाठी पाम स्प्रिंग्जला होता, तिथे कोप यांच्या खटपटीने गायक फ्रँक सिनात्राला या सेनेत दाखल करून घेण्यात आलं. गणवेश घालणारे, पदं वाटणारे, जनरल वगैरे नेमणारे चाहते तेव्हा नवे होते. किकर रॉय गेरेलासाठी गोरिल्लाचा पोशाख घालून येणारीही एक टोळी होती.

सेनेची ही कहाणी आज फार गोड करून सांगितली जाते आणि मला ती तशी पूर्णपणे पटत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये जाळपोळ झाली होती, त्याला पाच वर्षंही झाली नव्हती. अशा शहरात गोऱ्या इटालियन कामगारांनी एका सावळ्या पोराला ‘आपला’ म्हणून डोक्यावर घेतलं, ही गोष्ट खरीच मोठी. पण झेंडा होता तो आईच्या देशाचा. वडिलांच्या बाजूसाठी स्टँडमध्ये झेंडा नव्हता. तो धागा दुसरीकडे होता: कृष्णवर्णीयांच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या वृत्तपत्राचे माजी क्रीडा संपादक बिल नन स्टीलर्सचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, झाले होते आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांमधून त्यांनी निवडलेल्या मुलांनी तो संघ घडवला. हॅरिसने स्वतः यावर कधी कटुता दाखवली नाही. त्याने दोन्ही बाजू सहज वागवल्या. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये त्याने कॉलेजातला जोडीदार लिडेल मिचेल याच्यासह बाल्टिमोरची डबघाईला आलेली पार्क्स सॉसेज कंपनी घेतली, कृष्णवर्णीयांच्या मालकीची, एके काळी शेअर बाजारात नाव असलेली. सुपर बोल नसलेल्या एखाद्या शहरात तो निव्वळ उद्योजक म्हणूनही लक्षात राहिला असता.

चाहत्यांचा हा गोतावळा पुढे देशभर पसरला, त्याचं कारण दुःखाचं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मोनोंगाहेला नदीकाठचे पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये. पोटासाठी माणसं टेक्सासला, फ्लोरिडाला, कॅरोलायनांमध्ये गेली. संघ त्यांनी बरोबर नेला. आजही अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही मोठ्या शहरात स्टीलर्सचा बार सापडतो आणि भिंतीवर पिवळा ‘टेरिबल टॉवेल’. हा टॉवेलही कोप यांचाच, १९७५ मधला; त्याचे हक्क त्यांनी पुढे अपंग मुलांच्या एका शाळेला देऊन टाकले. कामं गेली त्याच वर्षांच्या आधी लागून संघ चार वेळा जिंकला होता, त्यामुळे त्या पिढीच्या आठवणीत चांगले दिवस आणि फ्रँको एकमेकांत मिसळून गेले आहेत. हॅरिस गेल्यावर अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते बापाच्या आठवणीने. रेडिओ बापाचा होता, गिरणी बापाची होती.

२१ ते २४ डिसेंबर

बातमी बुधवारी सकाळी आली. पिट्सबर्ग विमानतळावर चेंडू उचलायला वाकलेल्या हॅरिसचा पूर्णाकृती पुतळा आहे, आणि त्याच्या शेजारी तरुण जॉर्ज वॉशिंग्टनचा. वॉशिंग्टन १७५३ मध्ये या नद्यांच्या संगमावर आला होता म्हणून. कार्नेगी मेलन किंवा पिट विद्यापीठात शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी आणि त्यांना भेटायला गेलेल्या आईवडिलांनी ही जोडी पाहिली असेल. राष्ट्रपित्यापेक्षा फुटबॉलपटूबरोबर फोटो काढणाऱ्यांची गर्दी तिथे जास्त असते. त्या बुधवारी पुतळ्यापाशी फुलं आणि पिवळे टॉवेल जमू लागले.

दुसरी जागा नदीपलीकडे, नॉर्थ शोअरला. थ्री रिव्हर्स स्टेडियम २००१ मध्ये पाडलं. जिथे झेल घेतला गेला ती जागा मोजून काढून २०१२ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, फुटपाथमध्ये खूण बसवली. आजूबाजूला पार्किंग आणि रहदारी. दरवर्षी २३ डिसेंबरला दुपारी ३ वाजून ४१ मिनिटांनी, म्हणजे झेलाच्या वेळी, चाहते तिथे जमतात. रेडिओवरचं जुनं समालोचन ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. हॅरिसही त्यात येऊन मिसळायचा.

२०२२ च्या २३ डिसेंबरला अमेरिकेच्या मोठ्या भागावर हिमवादळ आलं होतं आणि पिट्सबर्गचं तापमान काही तासांत कोसळलं. तरी माणसं त्या फुटपाथवर आली. मला या प्रकरणातला हा दिवस सर्वांत बोलका वाटतो, चोविसाव्या तारखेपेक्षाही. तिकीट नव्हतं, मंच असा नव्हता, टीव्हीसाठी आखलेलं काही नव्हतं. गेली दहा वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं, फक्त ज्याच्यासाठी करायचे तो नव्हता. इथे कुणाला ‘आता काय करायचं’ असं विचारावं लागलं नाही. शोकसभेत माणसं जे अवघडून उभी असतात ते अवघडलेपणच नव्हतं.

दुसऱ्या रात्री, सव्वाआठला, स्टेडियममध्ये उणे तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास सामना सुरू झाला. (स्टेडियमचं ‘हाइन्झ फील्ड’ हे नाव त्याच वर्षी जुलैत बदलून एका विमा कंपनीला दिलं होतं. चाहते त्यावर इतके चिडलेले होते की श्रद्धांजलीच्या बातम्यांतही कित्येकांनी जुनंच नाव वापरलं.) स्टीलर्सचे खेळाडू हॅरिसची ३२ क्रमांकाची जर्सी घालून स्टेडियममध्ये आले. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म त्याच्या निवृत्तीनंतरचा. मध्यंतरात पत्नी डेना आणि मुलगा डॉक मैदानात आले, जुने सहकारी आले, आणि संस्थापकांचा नातू आर्ट रूनी दुसरा याने जर्सी निवृत्त झाल्याची घोषणा केली. संघाच्या इतिहासात हा मान आधी फक्त दोघांना मिळाला होता, एर्नी स्टॉटनर यांची ७० आणि जो ग्रीनची ७५. तसा ३२ क्रमांक १९८४ नंतर संघाने कुणालाच दिला नव्हता. म्हणजे निर्णय जुनाच, जाहीर करायला अडतीस वर्षं लागली. एवढं थांबायचं काय कारण होतं, हा प्रश्न त्या रात्री पुष्कळांना चावला असणार.

सामना स्टीलर्स रडतखडत खेळले. शेवटचं मिनिट सुरू झाल्यावर, ४६ सेकंद बाकी असताना, नवख्या केनी पिकेटने तितक्याच नवख्या जॉर्ज पिकन्सला चौदा यार्डांचा टचडाउन पास दिला आणि १३-१० असा सामना संपला. रेडर्सच समोर, पुन्हा तेराच गुण, पुन्हा अखेरच्या मिनिटात. अशा योगायोगांना मी एरवी फारशी किंमत देत नाही. सामने अखेरच्या मिनिटात सुटतच असतात. पण उणे तेरामध्ये तीन तास बसलेल्या माणसाला हे सांगायला मी गेलो नसतो.

रेडर्सच्या बाजूची एक गोष्ट नोंदवायला हवी. १९७२ मध्ये हॅरिसवर लक्ष ठेवायचं काम रेडर्सच्या बचावफळीतल्या लाइनबॅकर फिल व्हिलापियानोचं होतं. त्या डावात आपल्याला नियमबाह्य धक्का देऊन अडवलं गेलं असं तो आयुष्यभर सांगत आला. तोही न्यू जर्सीचा, तोही इटालियन वंशाचा. दोघांची पुढे पक्की मैत्री झाली, आणि वाद मिटला नाही. माझ्या मते तो वाद मिटवायची दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

जे बाजूला राहिलं

तयार दुखवट्याचा एक तोटा असतो. त्यात काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, म्हणून काय म्हणायचं नाही तेही आपोआप ठरतं.

१९८४ मध्ये हॅरिस जुन्या पिढीतला रनिंग बॅक जिम ब्राउन याच्या कारकिर्दीतल्या १२,३१२ यार्डांच्या विक्रमाच्या अगदी जवळ होता. त्याने करारात वाढ मागितली, संघाने नाकारली आणि त्याला मोकळं केलं. प्रशिक्षक चक नोल यांना पत्रकारांनी त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा ते ‘फ्रँको कोण?’ असं म्हणाले, हे पिट्सबर्गला अजून आठवतं. हॅरिस सिॲटलकडून आठ सामने खेळला, १७० यार्ड काढले आणि १९२ यार्ड कमी असताना थांबला. विक्रम त्याच ऑक्टोबरात शिकागोच्या वॉल्टर पेटनने मोडला. श्रद्धांजलीत या हंगामाचा उल्लेख झाला तो गमतीच्या सुरात. संघ आणि खेळाडू यांच्यातला पैशाचा तो व्यवहार होता आणि त्यात शहरातले कित्येक जण मालकाच्या बाजूने होते, हे कुणाला उकरून काढायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट, त्याच्या धावण्याच्या पद्धतीची. हॅरिस गरज नसेल तेव्हा समोरच्याला धडकण्याऐवजी रेषेबाहेर निघून जायचा. जिम ब्राउनने यावर उघड टीका केली होती. मर्दानी खेळात हे बसत नाही असा सूर. सत्तेचाळिशीत आपणच परत येऊन विक्रम राखतो असंही ब्राउन म्हणाला, आणि १९८५ मध्ये दोघांची टीव्हीवर चाळीस यार्डांची शर्यत लागली. हॅरिस ५.१६ सेकंदांत जिंकला, ब्राउनला ५.७२ लागले. हा सगळा विनोद होता. पण याच स्टीलर्स संघातला सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये वारला, आणि पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत डोक्यावरच्या सततच्या आघातांनी होणारा आजार शोधला. त्यानंतर हॅरिसचं रेषेबाहेर जाणं वेगळं दिसायला लागतं. ७२ व्या वर्षी मुलाखती देत, लोकांना नावाने ओळखत, फुटपाथवर उभा राहून गप्पा मारणारा फ्रँको चाहत्यांना मिळाला, त्यात त्या टाळलेल्या धडकांचा वाटा असू शकतो. त्याच्या पिढीतल्या सगळ्यांच्या चाहत्यांना हे मिळालं नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. नोव्हेंबर २०११ मध्ये पेन स्टेटचा माजी सहप्रशिक्षक जेरी सँडस्की याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले, आणि हॅरिसचे गुरू, मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना विद्यापीठाने काढलं. हॅरिस पॅटर्नोंच्या बाजूने उभा राहिला, मोठ्याने आणि वारंवार. एका कसिनोने त्याचं प्रवक्तेपद थांबवलं, मग परत दिलं. शहरातल्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती देणाऱ्या ‘पिट्सबर्ग प्रॉमिस’चा तो अध्यक्ष होता, महापौर ल्यूक रेव्हनस्टॉल यांनी त्याला फेरविचार करायला सांगितलं आणि त्याला काही काळ बाजूला व्हावं लागलं. (दोनच वर्षांपूर्वी हॅरिसचा मुलगा डॉक याच रेव्हनस्टॉल यांच्याविरुद्ध महापौरपदासाठी उभा राहून हरला होता. शहर तसं लहान आहे.) सँडस्की २०१२ मध्ये ४५ आरोपांत दोषी ठरला. हॅरिसने पॅटर्नोंची बाजू सोडली नाही.

मध्यंतराच्या सोहळ्यात याला जागा नव्हती, आणि तिथे ती असावी असं माझं म्हणणं नाही. पण ‘फ्रँको निष्ठावान होता’ हे वाक्य त्या चार दिवसांत सतत म्हटलं गेलं, तेव्हा त्या निष्ठेचा हा वापरही त्यातच येतो. एक बारीक दुवा तर थेट आहे. चेंडू फेकला गेल्यावर आपण तिकडे का धावलो, हे सांगताना हॅरिस नेहमी पेन स्टेटमध्ये मिळालेली शिकवण सांगायचा: चेंडू असेल तिकडे जा. ती शिकवण पॅटर्नोंची. त्याच्या दृष्टीने झेलाचं ऋण त्या माणसाचं होतं. मी हॅरिसशी सहमत नाही; शोषण झालेल्या मुलांच्या बाजूने पाहिलं तर सहमत होणं कठीण आहे. पण तो का हटला नाही, ते मला कळतं.

आणखी दोन ३२

हॅरिसनंतर दीड वर्षाच्या आत ३२ क्रमांकाचे आणखी दोन मोठे रनिंग बॅक गेले. मे २०२३ मध्ये क्लीव्हलँडचा जिम ब्राउन, वय ८७. एप्रिल २०२४ मध्ये बफेलोचा ओ. जे. सिम्पसन, वय ७६. खेळापुरतं बोलायचं तर दोघेही हॅरिसपेक्षा सरस होते. ब्राउनला बरेच जाणकार आजही सर्वश्रेष्ठ मानतात. सिम्पसनने १९७३ मध्ये चौदा सामन्यांत २,००३ यार्ड काढले होते.

ब्राउनच्या मागे नागरी हक्कांच्या लढ्यातलं मोठं काम होतं आणि स्त्रियांवरच्या हिंसेचे आरोपही; त्याला आठवणाऱ्याला प्रत्येक वाक्यात दोन्ही सांभाळावं लागलं. सिम्पसनच्या बाबतीत तर बफेलोच्या चाहत्यांची जीभच टाळ्याला चिकटली. खुनाच्या खटल्यातून तो १९९५ मध्ये सुटला, १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला त्याच मृत्यूंना जबाबदार धरलं. त्याच्या संघाने, बफेलो बिल्सनी, त्याचा ३२ क्रमांक कधी अधिकृतपणे निवृत्त केला नाही, पण २०१९ पर्यंत कुणाला दिलाही नाही. संघाच्या मानचिन्हांच्या भिंतीवर १९८० मध्ये लिहिलेलं त्याचं नाव खटल्यानंतरही तसंच राहिलं. ठेवायचं नाही आणि पुसायचंही नाही, असा तो तीस वर्षांचा संकोच त्याच्या मृत्यूने सुटला नाही.

पिट्सबर्गवर अशी वेळ आली नाही, यात हॅरिसच्या स्वभावाचा भाग आहेच. पण मला दुसरं एक साधं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्राउनचं उरलेलं आयुष्य लॉस एंजेलिसमध्ये गेलं, सिम्पसनने तर बफेलो कधीच सोडलं होतं. हॅरिस खेळायला आला तो पन्नास वर्षं पिट्सबर्गच्या परिसरातच राहिला. तिथेच त्याने बेकरीचा धंदा काढला, शाळांच्या कार्यक्रमांना गेला, विमानतळावर, किराणा दुकानात, लग्नांत लोकांना भेटत राहिला, आणि ‘त्या दिवशी मी कुठे होतो’ ही प्रत्येकाची गोष्ट दर वेळी नव्याने ऐकत राहिला. त्यामुळे २१ डिसेंबरला लोक जे आठवत होते त्यातलं निम्मं १९७२ चं नव्हतंच. ते मागच्या उन्हाळ्यातलं होतं, परवाच्या आठवड्यातलं होतं.